जुन्या सायकलींचे सुटे भाग आयटीआयच्या लेथवर घडावेत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत असत. त्या काळातल्या कितीतरी सायकली आजही वाड्यांच्या जिन्याखाली, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये किंवा गावाकडच्या पडवीत उभ्या आहेत. अशी एखादी सायकल बाहेर काढून पुन्हा चालती करावी असे ज्याला वाटते, त्याची खरी लढाई गंजाशी असेल असा सर्वांचा समज असतो. गंज रॉकेलने, तारेच्या ब्रशने आणि थोड्या चिकाटीने जातो. माणूस थकतो तो मापांपाशी. हवा असलेला भाग दुकानात असतो, पण तो आपल्या सायकलीत बसत नाही, का बसत नाही हे दुकानदाराला सांगता येत नाही आणि शेवटी कंटाळून सायकल भंगारवाल्याला दिली जाते. गेले चौदा महिने मी या अनुभवातून जात आहे. त्यावर एक उपाय आपल्याच राज्यात, आपल्याच सरकारी संस्थांमध्ये उपलब्ध आहे अशी माझी खात्री झाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

सायकल माझ्या आत्याची. ती पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिका होती आणि १९५५ साली पगारातून साठवलेल्या पैशांतून तिने रॅले कंपनीची लेडीज सायकल विकत घेतली. पुढच्या चेनव्हीलमध्ये, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी चक्रात, बगळ्याची तीन डोकी कापून काढलेली आहेत. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, 'एडब्ल्यू' ही अक्षरे व '५४' हा आकडा उमटवलेला आहे. याचा अर्थ, तीन गिअरचा तो स्टर्मी-आर्चर हब इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथे १९५४ साली तयार झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ही सायकल नारायण पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर ती चिखलातून उपसून काढली, मिस्त्रींनी पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून परत जोडली आणि त्यानंतर आत्याने ती आणखी बावीस वर्षे रोज शाळेत नेली. त्या काळी सायकलीला दरवर्षी घ्यावे लागणारे परवान्याचे बिल्ले तिने एका डबीत जपून ठेवले होते, ते आजही माझ्याकडे आहेत. अशी सायकल वजनावर विकायला माझे मन धजेना. माझ्या नातीला ती चालवायची आहे, हे त्याहून मोठे कारण.

मी स्वतः तरुणपणी आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातून भाग घडवण्याचा, ट्रेड केला आणि पुढे भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षे काम केले. मापे हाच माझा व्यवसाय होता. तरीही या सायकलीने मला विद्यार्थ्यासारखे पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकायला लावले.

सुरुवात टायरपासून झाली. 'सव्वीस इंची टायर द्या' असे म्हणून मी दुकानातून टायर आणला तर तो रिमवरून सरळ निसटून आत पडला. सव्वीस इंची या एकाच नावाखाली जगात किमान पाच निरनिराळ्या मापांच्या रिमा झालेल्या आहेत, हे मला तेव्हा नव्याने कळले. टायरची तार रिमच्या ज्या खाचेवर बसते तिचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजला, तर कोणती सव्वीस इंची रिम ५५९ भरते, कोणती ५७१, कोणती ५८४, कोणती ५९० तर कोणती ५९७. याचे कारण समजले की राग निवळतो. सव्वीस इंच हे माप मुळात रिमचे नव्हतेच, हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या घेराचा तो व्यास होता. सव्वीस इंच म्हणजे ६६० मिलिमीटर. बाहेरचा व्यास तेवढाच ठेवून टायर जाड केला की रिम लहान होते आणि टायर बारीक केला की रिम मोठी होते. आताच्या डोंगरी सायकलींचा दोन इंच जाडीचा टायर ५५९ च्या रिमवर बसतो, आत्याच्या सायकलीचा त्याहून बारीक, म्हणजे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाचा टायर ५९० च्या रिमवर बसतो आणि त्याहून बारीक सव्वा इंची टायर ५९७ ला. तिन्हींचा बाहेरचा व्यास साधारण सारखाच, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसवणे अशक्य. सत्तावीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या रिमचे माप ६३० आहे आणि अठ्ठावीस इंची म्हणवणाऱ्या एका प्रकाराचे ६२२. म्हणजे सत्तावीस अठ्ठावीसपेक्षा मोठे! हा सगळा गोंधळ टाळण्यासाठीच आयएसओ ५७७५ या मानकानुसार टायरवर '३७-५९०' अशी जोडसंख्या लिहिण्याची पद्धत आहे. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बहुतेक टायरांवर ती असतेसुद्धा, पण काळ्यावर काळी आणि मुंगीएवढी. दुकानातल्या पाटीवर, बिलावर व इंटरनेटवरच्या विक्रीच्या जाहिरातीत मात्र अजूनही 'सव्वीस इंची' एवढेच लिहिलेले असते. टायर उत्पादकांनी ही संख्या मोठ्या पांढऱ्या आकड्यांत छापावी आणि दुकानदारांनी तिच्यावरूनच टायर विकावा, एवढे जरी झाले तरी ग्राहकाच्या अर्ध्या खेपा वाचतील.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. दूधवाल्यांची, पोस्टमनची, शेतकऱ्यांची जी काळी, दांड्याच्या ब्रेकची अठ्ठावीस इंची सायकल, तिच्या मालकांना ही अडचण सहसा येत नाही. तिचा ६३५ च्या रिमवरचा दीड इंची टायर, पुढे बत्तीस आणि मागे चाळीस आऱ्यांची चाके, हे सर्व लुधियानाहून आजही येते, कारण त्या घडणीची सायकल आपल्याकडे अजून बनते. अडतात त्या हलक्या स्पोर्ट्स सायकली, लेडीज सायकली, परदेशातून आलेल्या सायकली आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या सायकली. वरळीची हिंद सायकल किंवा आसनसोलची सेन-रॅले आज कितीतरी घरांत असेल. या दोन कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणासाठी संसदेने १९८० साली खास कायदा केला होता, तरी पुढे दोन्ही कारखाने बंदच पडले. सोनिपतची ॲटलस १९५१ पासून सायकली बनवत होती. तिच्या अखेरच्या, साहिबाबादच्या कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी, नेमके जागतिक सायकल दिनी, थांबले. कारखाना बंद होतो तेव्हा त्याने विकलेल्या सायकली काही बंद होत नाहीत, त्यांना पुढची तीस-चाळीस वर्षे वाट्या, कोन (छर्रे ज्यांवर फिरतात ते शंकू), एक्सल आणि पिना लागतच राहतात. त्या कुठून यायच्या, याचा विचार कोणीच केलेला नसतो.

टायरचा प्रश्न अखेर सुटला. ५९० चा टायर आपल्याकडे मिळतो, नेमका आकडा सांगितला की दुकानदारही माळ्यावरून काढून देतो. खरी परीक्षा पॅडलच्या एक्सलपाशी झाली. फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी असते, तिच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात आणि त्यांत दोन वाट्या फिरवून बसवतात. प्रत्येक वाटीत अकरा छर्रे आणि त्यांवर एक्सल फिरतो. उजवीकडची वाटी उलट्या आट्यांची असते. हे ठाऊक नसलेले किती तरी लोक ती नेहमीच्या दिशेने सोडवायला जातात आणि जितका जोर लावतात तितकी ती घट्ट करत राहतात. आमच्या सायकलीच्या उजव्या वाटीच्या छर्ऱ्यांच्या वाटेवर खड्डे पडले होते. डावी वाटी तर मूळची नव्हतीच, कोणीतरी कधीतरी दुसरीच आणून लांब पान्याने दामटून बसवलेली होती.

नवीन वाटी आणली. तिचे दोन-तीन आटे हाताने सहज गेले आणि मग ती थांबली. पुण्यातल्या एका दुकानातल्या तरुण कारागिराने सांगितले की पान्याने जोर लावा, आटे आपोआप जुळतील. माझ्या हाताला ते पटेना. घरी येऊन आटे मोजण्याचा गेज लावला, तेव्हा उलगडा झाला. बाजारातल्या वाटीला इंचाला २४ आटे आहेत आणि आत्याच्या सायकलीला इंचाला २६. व्यास जवळपास तोच, एकीचा १.३७० इंच तर दुसरीचा १.३७५ इंच, त्यामुळे डोळ्यांना आणि बोटांना काहीच फरक जाणवत नाही. इतर ब्रिटिश कारखाने २४ च्या मापावर स्थिरावले, तरी नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपल्या सायकलींसाठी २६ चे माप पुढेही बरीच वर्षे सोडले नाही. शिवाय नळीची लांबीही वेगळी. आजची नळी ६८ मिलिमीटरची असते, ही ७१ भरली. त्यामुळे हल्ली सर्रास बसवतात तो तयार सीलबंद संच हिच्यात दोन्ही कारणांनी बसत नाही. वाटी कडक पोलादाची असते आणि फ्रेमची नळी मऊ. चुकीची वाटी जोर लावून फिरवली की ती नळीचे आटे खात आत जाते, आत गेल्यावर घट्ट बसली असे वाटते आणि वर्षभरात सैल होते. डाव्या बाजूला पूर्वी नेमके हेच घडले होते. जोर लावून भाग बसवण्याच्या या सवयीने जितक्या जुन्या फ्रेमी निकामी झाल्या आहेत, तितक्या गंजाने आणि अपघातांनी मिळूनही झाल्या नसतील असे माझे मत झाले आहे. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचांचेही तेच. आत्याच्या सायकलीचा पुढचा एक्सल अडीच सुती आहे. त्याहून जाड एक्सल घालता यावा म्हणून खाच कानसीने रुंद करून देतो, असे मला तीन ठिकाणी सांगण्यात आले. एकदा रुंद केलेली खाच पुन्हा अरुंद होत नाही. अडीच सुती एक्सल शोधायला मला दोन महिने लागले, पण शेवटी तो मिळाला.

सूत हा शब्द आता नव्या पिढीला सांगावा लागतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. आमच्या पेठेतले सायकलवाले मिस्त्री सगळी मापे सुतांत सांगत. पॅडलच्या एक्सलचे छर्रे दोन सुती, मागच्या हबचेही दोन सुती आणि बाजूला नऊ, पुढच्या हबचे दीड सुती आणि बाजूला दहा, हँडलच्या नळीतले सव्वा सुती, चेनची कडी चार सुतांची आणि रुंदी एक सूत, पॅडलचा आटा साडेचार सुती, तीन गिअरच्या हबचा एक्सल सव्वातीन सुती. इंग्रजीत जे पाच बत्तीसांश आणि तेरा बत्तीसांश असे जिभेला जड अपूर्णांक होतात, ते आपल्या सव्वा, दीड, अडीच, साडेतीनमध्ये किती सहज बसतात! मिस्त्री छर्रा चिमटीत धरून फिरवत आणि दीड की सव्वा हे न बघता सांगत. त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत निरनिराळ्या सायकलींचे कोन, वाट्या, कॉटर पिना, ब्रेकचे दांडे अशी चाळीस-पन्नास वर्षांची जमा होती. डब्यांवर काही लिहिलेले नव्हते, कारण त्यांना लिहिण्याची गरजच नव्हती. ते गेले आणि दुकान बंद झाले. त्यांच्या मुलांना त्या डब्यांतले काय कशाचे हे माहीत असणे शक्य नव्हते, ते सगळे लोखंड म्हणून किलोवर गेले. मला हे कळले तेव्हा उशीर झाला होता. पुढच्या बुधवारी आणि रविवारी मी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात जाऊन जमिनीवर मांडलेल्या ढिगांतून हात घालून पाहिले. तिथे तीन वाट्या सापडल्या, तिन्ही २४ आट्यांच्या. मिस्त्रींच्या मुलांना दोष देण्याचा माझा बिलकूल हेतू नाही. चूक आमचीही आहे. इतकी वर्षे त्यांच्या दुकानाबाहेर बाकावर बसून चहा प्यायलो, पण एका दुपारी वही घेऊन त्यांच्याकडून हे सगळे उतरवून घ्यावे, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

कॉटर पिनेबद्दल थोडे लिहितो, कारण ती प्रत्येक जुन्या सायकलीत असते आणि बहुतेक ठिकाणी हातोडीने ठोकून बिघडवली जाते. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, एक्सलवर अडकवून ठेवणारी ही पाचरीसारखी पिन. आत्याच्या सायकलीला ती तीन सुती, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाडीची लागते. बाजारात नऊ मिलिमीटरचीही मिळते आणि दोन्ही एकाच डब्यात पडलेल्या असतात. नऊची पिन घातली तर ती बसते, नट आवळला जातो, सायकल चालतेही. पण प्रत्येक पॅडलला क्रँक किंचित हलत राहते आणि थोड्याच दिवसांत क्रँकचे भोक व एक्सलची खाच दोन्ही खराब होतात. पिन काढताना क्रँकच्या खाली पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवून आधार द्यावा, म्हणजे मार छर्ऱ्यांना व वाट्यांना लागत नाही. व्हाइसमध्ये दाबून काढता आली तर त्याहून उत्तम. आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. बसवताना दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशांनी घालाव्यात, नाहीतर दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत येत नाहीत. तिरप्या सपाट बाजूला शाईचा हात लावून, ती एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकते की नाही हे पाहत पाहत कानसीने घासावी. या कामाला अर्धा तास लागतो, आणि तो दिला तर पिन वीस वर्षे टिकते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २६ आट्यांची वाटी जेव्हा कुठेच मिळेना, तेव्हा ती करायची ठरवली. एका जुन्या सहकाऱ्याच्या छोट्या वर्कशॉपमधला लेथ वापरला. त्याचा लीड स्क्रू, म्हणजे कातायचे हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला चार आट्यांचा आहे. त्यावर २६ आटे पाडायचे तर तेराच्या पटीतले, म्हणजे ३९, ५२ किंवा ६५ दात्यांचे गिअर लागते. आम्हाला ६५ चे मिळाले. उजव्या वाटीसाठी टंबलर, म्हणजे दिशा उलटवणारा दांडा, फिरवून उलटे आटे पाडले. बेअरिंगसाठी वापरतात ते ईएन-३१ पोलाद घेतले. आटे आणि छर्ऱ्यांची वाट तयार झाल्यावर वाट्या कडक करून आणल्या, कडकपणा साठच्या आसपास रॉकवेल आल्यावर त्यांची वाट घासून चकचकीत केली. फ्रेमच्या नळीतले डाव्या बाजूचे खराब झालेले आटे नीट करायला लागणारा २६ चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचे हत्यार, कुठेही मिळाला नाही. तेव्हा जुन्या खड्डे पडलेल्या मूळ वाटीला ग्राइंडरवर तीन उभ्या चिरा पाडल्या. ती मूळची कडक पोलादाची आणि नेमक्या मापाची असल्याने तिचाच टॅप झाला. अर्थात ती उजवीकडची, उलट्या आट्यांची होती, म्हणून डावीकडे ती कामाची नव्हती. शेवटी तशीच चिरा पाडलेली एक सरळ आट्यांची वाटी मुद्दाम करून, तेल घालत, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे दोन संध्याकाळी बसून आटे मोकळे केले. नवीन वाटी हाताने शेवटपर्यंत आत गेली, तो क्षण मी विसरणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. २६ आट्यांची वाटी दुर्मीळ आहे, पण अवघड नाही. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर तर ती अधिकच सोपी आहे, तिथे गिअर बदलावे लागत नाहीत. २५.४ ला २६ ने भागून येणारा ०.९७७ मिलिमीटर हा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, लिहिला की काम झाले. अडचण इतकीच की एक वाटी कोणी करून देत नाही. हार्डनिंगवाले भट्टीच्या हिशेबाने पैसे घेतात, त्यामुळे एक वाटी आणि वीस वाट्या यांचा खर्च जवळपास सारखाच येतो. आम्ही म्हणूनच एकाऐवजी आठ केल्या. मागणी आहे, पण ती गावोगाव एकेकट्या माणसांत विखुरलेली आहे आणि तिच्यासाठी कोणताही कारखाना लेथ चालू करणार नाही.

मात्र एक ठिकाण असे आहे जिथे लेथ रोज चालू असतो आणि त्यावर जे घडते ते विकायचे नसते. आमच्या वेळी आयटीआयमध्ये टर्नरच्या प्रशिक्षणार्थींना आटे पाडण्याचे जॉब, म्हणजे सरावाची कामे, असत. सरळ आटे, उलटे आटे, इंची आटे, मेट्रिक आटे. दंडगोलावर पाडायचे, निदेशकांनी गेज लावून तपासायचे, वहीत गुण मांडायचे आणि जॉब भंगाराच्या पेटीत टाकायचा. माझ्या हातचा पहिला अचूक उलटा आटा त्या पेटीत पडताना पाहून मला वाईट वाटले होते, हे आजही आठवते. तेच आटे जर एखाद्या सायकलीच्या वाटीवर, एक्सलवर, हँडलच्या लॉकनटवर पाडले तर शिक्षण तेवढेच होईल, उलट अधिक होईल. कारण तो भाग प्रत्यक्ष बसतो की नाही, हा गेजहून कडक परीक्षक आहे. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने यावर विचार करावा अशी माझी विनंती आहे. अभ्यासक्रम बदलण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक जिल्ह्यातल्या एका संस्थेने वर्षातून एकदा मापांची यादी मागवावी, ज्यांना भाग हवे आहेत त्यांनी पोलाद आणि हार्डनिंगचा खर्च आगाऊ भरावा व प्रशिक्षणार्थींनी ते भाग जॉब म्हणून करावेत. छर्ऱ्यांची वाट असलेल्या भागांना ग्राइंडिंगची व उष्णतासंस्काराची जोड लागेल, ती टर्नरच्या एका वर्गात पूर्ण होणार नाही, याची मला जाणीव आहे. मशिनिस्ट ग्राइंडरचा ट्रेड जिथे आहे तिथे ते काम देता येईल, नसेल तर औद्योगिक वसाहतीतल्या हार्डनिंगवाल्यांकडे एकत्र पाठवता येईल. सुरुवात सोप्या भागांनी करावी: लॉकनट, पुढचे एक्सल, कॉटर पिना, वॉशर, आणि तीन गिअरच्या हबचे एक्सल-नट. ते सव्वातीन सुती आणि इंचाला २६ आट्यांचे असल्यामुळे आपल्या बाजारात सहजी मिळत नाहीत.

यादी करायची तर मापे लिहिलेली हवीत आणि ती लिहिण्याचे काम तुम्हा-आम्हा मालकांचे आहे. सायकल खोलाल तेव्हा एका कागदावर रिमचा व्यास, आऱ्यांची संख्या, नळीची लांबी, इंचाला किती आटे, सरळ की उलटे, एक्सलची जाडी व लांबी, पिनेची जाडी आणि प्रत्येक जागी किती छर्रे निघाले एवढे टिपून ठेवावे. छर्रे मोजल्याशिवाय कधीही काढू नयेत. आट्यांचा गेज महाग नसतो, तोही नसेल तर आट्यांवर साबण दाबून ठसा घ्यावा आणि एका इंचातल्या रेघा मोजाव्यात. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटच्या नळीत सरकवून ठेवावा, म्हणजे पुढच्या माणसाला शोधावा लागणार नाही. आत्याच्या सायकलीत मी तो ठेवला आहे. तसेच, ज्यांच्या घरी वडिलांचे किंवा काकांचे सायकल-दुकान होते आणि आता ते बंद करायचे आहे, त्यांना कळकळीची विनंती की डबे किलोवर देण्याआधी एकदा कोणा जाणत्याला बोलवावे. पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचे खासगी संग्रहालय आहे, अनेक गावांत जुन्या सायकली जपणारी माणसे आहेत. आणि दुकान चालवणारे मिस्त्री ज्यांच्या परिचयात आहेत, त्यांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे. याला वेळ फार राहिलेला नाही.

एवढा खटाटोप करण्याऐवजी नवी सायकल का घेतली नाही, असे मला घरच्यांनीही विचारले. नव्या सायकलीला माझा विरोध नाही, नातीकडे तीही आहे. पण या जुन्या फ्रेमीच्या नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या बाहीसारख्या तुकड्यात, पितळेने जोडलेल्या आहेत, एखादी नळी वाकली तर ती काढून दुसरी घालता येते. तीन गिअरचा हब उघडला तेव्हा आत पुराच्या चिखलाचा अंशही नव्हता, होते ते फक्त वाळून घट्ट झालेले जुने तेल. रॉकेलने धुऊन पातळ तेल घातल्यावर तिन्ही गिअर पडू लागले. तुटली होती ती गिअरची बारीक साखळी, आणि तिचेही दोन लांबींचे प्रकार आहेत, कारण एक्सल पावणेसहा इंचांचा असतो किंवा सव्वासहा इंचांचा. आमचा पावणेसहाचा निघाला. सत्तर वर्षांपूर्वीचे यंत्र जर इतक्या थोडक्यात चालू होत असेल, तर त्याला लागणारी चार मापे सांभाळणे आपल्याला जड जाऊ नये.

सध्या सायकल एक काम सोडून पूर्ण झाली आहे. मागची चाळीस भोकांची रिम वाचली, पुढची ५९० ची बत्तीस भोकांची रिम मात्र जोडापाशी कुजल्याने तिचा आऊट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, निघत नाही. कोणा वाचकाकडे तशी रिम पडून असल्यास कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. केलेल्या आठ वाट्यांपैकी तीन उजव्या आणि तीन डाव्या, २६ आट्यांच्या, माझ्याकडे शिल्लक आहेत. ज्यांच्या सायकलीला त्या लागत असतील त्यांना त्या मी विनामूल्य देईन, फक्त त्यांनी आधी नळीतले आटे मोजून आकडा लिहून पाठवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टर्नर, पुणे